पडलेला उंदीर व जिवंत उंदीर

गेल्या पावसाळ्यांत मांजरेच्या कांठच्या एका खेड्याहून निरोप आला कीं, आपल्या मंडळींतील एक बंधु सहा दिवस तापानें अंथरुणाला खिळला आहे, तरी पाळकांनीं येऊन जावें. हा बंधु दुसऱ्याच्या मळ्यांत सालगडी आहे. आम्ही पोंचलों तेव्हां त्याचे डोळे हळदीसारखे पिंवळे झाले होते, आणि पोटऱ्यांना नुसतें बोट लागलें तरी तो विव्हळत असे. घरच्यांनीं कावीळ ठरवून गळ्यांत काविळीची माळ घातली होती. माळ लांबत चालली म्हणजे रोग उतरत चालला, अशी आमच्या मुलखांतील समजूत आहे. आणि माळ खरोखरच लांबली होती. आम्हीं प्रार्थना केली. माळेविषयीं मात्र चकार शब्द काढला नाहीं, कारण कावीळच असावी असें आम्हांसहि वाटलें. ही आमची चूक आम्ही येथें कबूल करतों. सायंकाळीं त्याची बायको हळूच म्हणाली कीं, सकाळपासून यांना लघवी झालेली नाहीं. तेव्हां कोठें आम्ही भानावर आलों, आणि मिळेल त्या वाहनानें त्यास शहरच्या दवाखान्यांत नेलें.

तेथील डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला तो उंदरांविषयीं. हा माणूस काम कोठें करतो, तेथें पाणी सांचून राहतें काय, पायांस जखम आहे काय, आणि शेतांत उंदीर फार आहेत काय? रोग्याची बायको म्हणाली, "उंदीर कुठं नाहींत, साहेब?" डॉक्टरांनीं मान हलविली व लगेच औषध सुरू केलें. आमचा बंधु पुष्कळ दिवसांनीं वांचून घरीं आला. त्याची सुगी बुडाली, सालाचा करार मोडला. पण जीव राहिला.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयाची विचारपूस चालविली. उपदेशकांच्या सभेंत जें थोडेंबहुत सांगितलें, तेंच येथें विस्तारानें देत आहों. त्यांतील मुख्य गोष्ट अशी आहे कीं, उंदीर माणसास दोन अगदीं निराळ्या रीतींनीं मारतो. प्लेगांत तो स्वतः मरतो, आणि त्याच्या मरणानंतर आपला धोका सुरू होतो. दुसऱ्या रोगांत तो धडधाकट राहतो, पिलें घालतो, आपल्या बांधावरून धांवतो, आणि जिवंतपणींच आपणांस विष देत राहतो. आपले लोक वागतात तें मात्र याच्या नेमकें उलट. मेलेला उंदीर शेपटीस धरून उकिरड्यावर फेकला कीं काम संपलें. आणि जिवंत उंदीर म्हणजे केवळ धान्याचा चोर, त्याचें गाऱ्हाणें पोत्यापुरतें!

प्रथम उंदीर म्हणजे कोण हें पाहूं, कारण सर्वांस एकच नांव देऊन भागत नाहीं. घराच्या आढ्यावर व माळवदाच्या सांध्यांत फिरतो तो काळा घरउंदीर. बांधांत व उकिरड्याखालीं मोठालीं बिळें पाडून बाहेर मातीचे ढीग टाकते ती घूस. हिच्या मोठ्या जातीपुढें मांजरहि माघार घेतें. लहान घूस ज्वारीचीं व गव्हाचीं कणसें तोडून बिळांत सांठवून ठेवते. दुष्काळांत गोरगरिबांनीं घुशींचीं बिळें उकरून त्यांतलें धान्य घरीं आणलें, हें आपल्या वडीलधाऱ्या माणसांस ठाऊक आहे. तेव्हां त्या धान्यावर कोणी हंसूं नये. काळ्या रानांतील भेगांत मऊ केसांचा एक लहान उंदीर राहतो. आणि उघड्या माळावर, मागल्या पायांवर उड्या घेत जाणारा, शेपटीच्या टोंकास गोंडा असलेला एक रानउंदीर आहे. प्लेगाच्या कामीं हा शेवटचा फार महत्त्वाचा, कारण प्लेगाचा जंतु याच्या जातींत वर्षानुवर्षें मुक्काम करतो आणि तरी ती सगळी जात मरून जात नाहीं. घरउंदरांत ही सहनशक्ति नाहीं. रानांतला रोग गांवांत शिरला कीं घरउंदीर पटापट पडूं लागतात.

"उंदीर पडणें" हा शब्दप्रयोगच आपल्या भाषेंत प्लेगाच्या दिवसांनीं आणला. कोणाच्या घरीं उंदीर पडला ही वार्ता पसरतांच लोक चुलीचें साहित्य डोक्यावर घेत आणि गांव ओस टाकून रानांत झोपड्या घालीत. पुष्कळांस हा भित्रेपणा वाटतो. आम्हांस तें शहाणपण वाटतें, कारण ज्या वेळीं डॉक्टरांसहि रोगाचें मूळ ठाऊक नव्हतें त्या वेळीं खेडुतांनीं खूण ओळखली होती. ही ओळख तशी फार जुनी आहे. पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकांत पलिष्ट्यांनीं देवाचा कोश परत पाठविला तो पांच सोन्याच्या गांठी व पांच सोन्याचे उंदीर यांसह, हें वाचकांस स्मरत असेल. गांठी व उंदीर त्यांनीं एकत्रच ठेविले, आणि ती पीडा प्लेगाचीच असावी असें अनेक टीकाकार म्हणतात. १६१८ च्या सुमारास आग्र्यास साथ आली, तेव्हां बादशहा जहांगीर यानें आपल्या आत्मवृत्तांत आसफखानाच्या मुलीनें सांगितलेली हकीकत लिहून ठेविली: झिंगल्यासारखा फिरणारा एक उंदीर मांजरानें धरला व लगेच सोडला, मग मांजर आजारी पडलें, आणि पुढें त्या घरांतलीं माणसें मेलीं. पाहणारांस खूण दिसली. त्यामागचें कारण कळावयास आणखी जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

तें कारण शोधण्याचें काम बहुतेक आपल्याच देशांत झालें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवीच्या भागांत डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनीं प्लेगाचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनीं भरलेला भाग. उंदरांस याहून मोठें माहेर कोणतें? प्लेगाचा जंतु येर्सां नांवाच्या शास्त्रज्ञानें १८९४ सालींच हाँगकाँगास पाहिला होता. तरी सरकारी यंत्रणा गटारें धुण्यांत, भिंतींस चुना व औषधें फांसण्यांत आणि माणसांना घरांतून ओढून छावण्यांत नेण्यांत गुंतली. पुण्यास या सक्तीमुळें लोक रोगी लपवूं लागले, आणि पुढें काय घडलें तें सर्वश्रुत आहे. त्याच साथींत रोग्यांची सेवा करीत असतां १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले मरण पावल्या. डॉ. हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगाची लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळची संस्था आज त्यांचेंच नांव चालविते.

उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा, हा प्रश्न मात्र उरलाच होता. १८९८ च्या जूनांत कराचीस पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें एका कांचेच्या बरणींत पिसवांसह प्लेगाचा आजारी उंदीर ठेविला, आणि वर जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणें शक्य नव्हतें. खालचा मेला, कांहीं दिवसांनीं वरचाहि गांठी येऊन मेला. मध्यें जाऊं शकत होत्या त्या फक्त पिसवा. विद्वानांनीं ही गोष्ट कित्येक वर्षें मानली नाहीं. पुढें १९०५ पासून प्लेग कमिशनानें मुंबईस पुनः प्रयोग केले. प्लेगाच्या घरांत जमिनीलगत ठेविलेलीं गिनीपिगें आजारी पडलीं, पण पिसूची उडी पोंचणार नाहीं अशा उंचीवर टांगलेलीं वांचलीं. तेव्हां वाद मिटला. तोंवर व त्यानंतरच्या वर्षांत मिळून हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें या रोगानें गेलीं, आणि मोगलाईंतील आमचीं गांवेंहि त्यांतून सुटलीं नाहींत.

पिसूचें काम असें चालतें. आजारी उंदराचें रक्त पितांना जंतु तिच्या पोटांत जातात व तेथें वाढून तिच्या अन्नमार्गास बूच बसवितात. मग तिला कितीहि रक्त प्यालें तरी पोटांत उतरत नाहीं. उपाशी पिसू पुनःपुनः चावते, आणि प्रत्येक चाव्याबरोबर तें जंतूंनीं भरलेलें रक्त जखमेंत परत ओकते. उंदीर मेला व त्याचें अंग गार पडलें कीं ती तें सोडून दुसरें ऊबदार शरीर शोधते. जवळ दुसरा उंदीर असेल तर तो, नाहीं तर त्या कणगीशेजारी जमिनीवर निजलेलें मूल. म्हणून आम्ही म्हणतों कीं, कोणी विष न घालतां घरांत उंदीर पडला, तर ती घटका त्याची शेपटी धरण्याची नव्हे.

आतां आपल्या अगदीं शेजारची गोष्ट ऐका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, हल्लींचा धाराशिव, या जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसें गेलीं. बहुतेक आपल्या माळवदी घरांच्या दगडमातीखालीं. त्या भीतीनें दूरदूरच्या गांवांतील लोकहि भिंतीखालीं निजेनात. माणसें बाहेर छपरांत राहूं लागलीं, आणि सुगीचें धान्य मात्र जुन्या, ओसाड घरांत भरून ठेविलें. बीड जिल्ह्यांत मामला नांवाचें गांव आहे. १९९४ च्या ऑगस्टांत तेथें उंदीर पडले, पिसवांचा सुळसुळाट झाला, आणि महिनाअखेरीस माणसांच्या जांघेंत व काखेंत गांठी येऊन ताप भरूं लागला. देशांत त्यापूर्वीं प्लेगाचा रोगी आढळला होता तो १९६६ सालीं. बहुतेक तरुण डॉक्टरांनीं हा रोग पुस्तकांतच पाहिला होता. रिकामीं घरें, त्यांत भरलेलें धान्य, तेथें माजलेले उंदीर, आणि रानउंदरांशीं त्यांची झालेली गांठ, अशी ही सांखळी तज्ज्ञांनीं जोडून दाखविली.

मामल्यास लवकर दाद लागली. घरोघर कीटकनाशक फवारलें गेलें, औषधें वाटलीं गेलीं, आणि साथ आटोक्यांत आली. सप्टेंबरांत सुरतेस मात्र प्लेगानें दुसरें रूप धरलें. तेथें तो फुप्फुसांत शिरला, म्हणजे पिसूची मध्यस्थी न लागतां खोकल्यावाटे माणसाकडून माणसास लागूं लागला. त्या एका साथींत पन्नासांहून अधिक माणसें मेलीं, बहुतेक सुरतेसच, आणि लाखों लोक गांव सोडून पळाले. त्या वेळीं कांहीं जाणत्यांनींसुद्धां हा प्लेगच नव्हे असा वाद घातला; पण पुढें हैदराबादेच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं त्या जंतूंची कसून परीक्षा केली, आणि २००० सालीं तो प्लेगाचाच जंतु होता असें प्रसिद्ध केलें. घाबरविण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. गांठीच्या प्लेगावर उपचार न केल्यास शंभरांत ३० ते ६० माणसें दगावतात, पण स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखें औषध पहिल्या दिवसांत मिळालें तर बहुतेक वांचतात. दिवस गमविणें हाच काय तो घात. आमची प्रामाणिक शंका अशी आहे कीं, आज आमच्या एखाद्या वस्तींत दहा उंदीर पडले, तर लोकनिंदेच्या भीतीनें "आमच्या घरीं कांहीं नाहीं" असें म्हणणारीं घरें निघतील. १८९७ सालीं रोगी लपविण्यास कारण होतें, कारण शिपाई दारांत उभा असे. आज दारांत आशा सेविका येते. तिच्यापासून लपविण्यासारखें काय आहे?

आतां जिवंत उंदराकडे वळूं. आमच्या सालगड्यास झाला तो रोग लेप्टोस्पायरोसिस. वाइल नांवाच्या जर्मन डॉक्टरानें १८८६ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि जपानांत कोळशाच्या खाणींत राबणारे मजूर या तापानें मरत असतां तेथील शास्त्रज्ञांनीं १९१५ च्या सुमारास त्याचा जंतु शोधून काढला. तो मळसूत्रासारखा पिळदार असतो. उंदराच्या मूत्रपिंडांत तो सुखानें नांदतो. उंदरास त्याचा कांहींच त्रास नाहीं, पण जन्मभर त्याच्या मुतावाटे जंतु बाहेर पडत राहतात. ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत ते कित्येक दिवस, कधीं आठवडेहि, जगतात. उन्हांत माती वाळली कीं मरतात. आंबट जमीन त्यांस मानवत नाहीं. मध्यम किंवा किंचित् अल्कधर्मी वळणाची मानवते, आणि आमच्या काळ्या जमिनी बहुधा तशाच आहेत. म्हणून कोरड्या उन्हाळ्यांत आमच्या मुलखास या रोगाचें भय थोडें. पावसाळा लागला, भेगा बुजल्या, बिळांत पाणी भरून उंदीर बांधावर व गोठ्यांत आले, कीं भय वाढलें. आणि जेथें कालव्याचें पाणी बारमाही आहे तेथें तें कधींच पुरतें सरत नाहीं.

हा जंतु शरीरांत शिरतो तो पायाच्या भेगेंतून, उसाच्या पात्यानें कापलेल्या बोटांतून, पाण्यांत भिजून मऊ पडलेल्या कातडींतून, डोळ्यांतून, तोंडांतून. मग बहुधा पांच ते चौदा दिवसांनीं ताप येतो. थंडी, डोकेदुखी, पोटऱ्यांत व कंबरेंत असह्य वेदना, पू न येतां तांबडे झालेले डोळे. येथवर औषध मिळालें तर रोगी बहुधा सहज बरा होतो. पुढें कांहींजणांस कावीळ होते, लघवी कमी होते, खोकल्यांतून रक्त पडतें. म्हणून ताप आधीं व कावीळ मागून आली, आणि पोटऱ्या दुखत असतील, तर माळ घालीत बसूं नये. नांदेडास डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे; पण त्याहि आधीं जवळचें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथें गेल्यावर "ताप आहे" एवढेंच न सांगतां "उसांत पाणी द्यावयाचें काम करतों, पायाला जखम आहे, उंदीर फार आहेत" हें स्वतः होऊन सांगावें. सगळेच डॉक्टर विचारतील असें नाहीं.

मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक छातीभर पाण्यांतून घरीं गेले, आणि पुढल्या आठवड्यांत या तापानें दवाखाने भरले. कोंकणांत भातलावणीच्या दिवसांत चिखलांत उभ्या राहणाऱ्या बायकांस तो गांठतो. जगांत दरवर्षीं सुमारें १० लक्ष लोकांस हा रोग होतो व सुमारें ६० हजार मरतात, असा अंदाज २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. यांत मोठा भरणा कोणाचा असावा तें वाचकांनीं ओळखलेंच असेल: अनवाणी काम करणारांचा.

याविषयीं परदेशची एक हकीकत आमच्या ऊसतोड बांधवांनीं मुद्दाम ऐकावी. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलँड प्रांतीं १९३३-३४ च्या सुमारास ऊसतोड मजूर या तापानें पडूं लागले. उसाच्या फडांत उंदीर माजले होते, खालचा पाला ओला होता, आणि तोडणाऱ्यांचे हातपाय पात्यांनीं चिरलेले. मजुरांनीं मागणी केली कीं, तोडणीपूर्वीं फड पेटवावा, म्हणजे पाला जळेल व उंदीर पळतील. मालक व कारखानदार तयार होईनात, कारण जळलेल्या उसाचा भाव कमी. १९३५ सालीं मजुरांनीं संप केला, आणि अखेर फड जाळण्याची रीत तेथें पडली. आमच्याकडे पाचट जाळूं नये असें शेतकी खातें सांगतें आणि जमिनीच्या हिताच्या दृष्टीनें तें खरेंहि आहे. म्हणून आम्ही जाळण्याचा सल्ला देत नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, मजुराचा जीव व उसाचा भाव यांचा हिशेब तेथें मजुरांनीं स्वतः मांडला. आमचा धनी गड्याला वर्षाची उचल देतो, धोतरजोडी देतो. त्याच हिशेबांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट कां मागूं नयेत? एका गड्याच्या पंधरा दिवसांच्या खाड्याहून ते स्वस्त पडतात, हें धन्यासहि पटण्यासारखें आहे.

इतर रोगांविषयीं थोडक्यांत. उंदराच्या लेंड्या पिठांत वा शिळ्या भाकरींत पडल्यास हगवण व विषमज्वराच्या जातीचे जंतु पोटांत जातात. उंदीर चावल्यास पुष्कळ दिवसांनीं पुनःपुनः उलटणारा एक ताप येतो. निजलेल्या तान्ह्या मुलांच्या बोटांस तो चावतो, म्हणून दुधाचें तोंड पुसून मूल निजवावें. आणि गवतांत बसणाऱ्या बारीक कीटकांपासून स्क्रब टायफस होतो. ते कीटक उंदरांच्या अंगावर पोसतात. २०१८ सालीं नागपुराकडे त्याची मोठी साथ आली. अंगावर, विशेषतः झांकलेल्या भागीं, विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आणि ताप असल्यास ती खपली डॉक्टरांस दाखवावी; लाजेनें ती झांकून ठेवल्यामुळें निदान हुकतें.

उपाय सांगावयाचे तर पहिला धान्याचा. पेवें गेलीं, बळदें भूकंपांत पडलीं, आणि आतां सोयाबीनचीं व तुरीचीं पोतीं निजण्याच्या खोलींतच भिंतीस टेकून ठेवलेलीं असतात. उंदीर पोत्यामागेंच घर करतो. पोतीं फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं; जमल्यास पत्र्याची कोठी घ्यावी. पऱ्हाट्या, तुराट्या व कडब्याची गंजी घराच्या भिंतीस लावूं नये. आखाड्यावर राहणाऱ्यांनीं तर हें विशेष पाळावें. पिण्याचें पाणी झांकावें व पावसाळ्यांत उकळावें. धामण दिसली तर मारूं नये; ती विषारी नाहीं आणि उंदरांचा तिच्याइतका पक्का वैरी दुसरा नाहीं.

दुसरा उपाय विषाचा. पण त्यांत हात आंखडता घ्यावा. झिंक फॉस्फाइड नांवाची काळी भुकटी मिळते. उंदीर मोठा संशयी प्राणी असल्यामुळें पहिले दोनतीन दिवस त्यास तेल लावलेला ज्वारीचा भरडा नुसताच खाऊं घालावा लागतो, मग विष मिसळावें लागतें. तसें न केल्यास एकदां चाखून आजारी पडलेला उंदीर पुनः त्याला तोंड लावीत नाहीं. एकट्यानें केल्यास शेजारचे उंदीर आठवड्यांत रिकामी जागा भरतात. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस, रानांत खाणें नसतें तेव्हां, सबंध गांवानें एकदम करावें. कृषि सहायकास बोलावून त्याच्या देखत करावें. या भुकटीवर उतारा नाहीं. धान्यांत ठेवण्याच्या ज्या गोळ्यांतून विषारी वायु निघतो त्या तर निजण्याच्या घरांत कधींहि आणूं नयेत. त्या वायूनें सबंध कुटुंबें निजल्याजागीं संपलीं आहेत.

आणि ज्या गांवांत उंदीर आपोआप पडूं लागले आहेत, तेथें विष अजिबात घालूं नये. तेथें आधीं पिसवा मारावयाच्या, मग उंदीर. क्रम चुकला तर आपण उंदरांचीं अंगें गार करून त्यांवरच्या सगळ्या पिसवा माणसांच्या अंगावर सोडल्या असें होतें. मेलेल्या उंदरावर व त्याच्या भोंवतीं पिसवांचें कीटकनाशक टाकावें, कांहीं वेळानें चिमट्यानें उचलून पिशवींत घालावा, आणि खोल पुरावा किंवा जाळावा. आरोग्य केंद्रास कळविल्यास तपासणीसाठीं ते तो मागून नेतील. मग पुरण्याची घाई करूं नये. आजूबाजूच्या घरांत किती पडले तें मोजून सांगावें. घरांतल्या सर्वांनीं खाटेवर निजावें.

सभेंत उपदेशकांनीं कांहीं प्रश्न केले. एकानें विचारलें, गुरांस हा ताप होतो काय? होतो. गायीम्हशी गाभडतात, दूध आटतें व कधीं तांबूस येतें. डुकरें व कुत्रींहि जंतु बाळगतात. म्हणून गाभडलेल्या जनावराचा जार उघड्या हातानें उचलूं नये, आणि गोठ्यांत शेण काढतांना पायांत कांहीं घालावें. दुसऱ्यानें विचारलें, उंदरांनीं खाल्लेलें धान्य फेकून द्यावें काय? गरिबानें धान्य फेकावें असें आमच्यानें सांगवत नाहीं. लेप्टोचा जंतु सुक्या धान्यांत टिकत नाहीं. लेंड्या निवडून, दाणे धुवून, कडक उन्हांत वाळवून दळावे, आणि भाकरी नीट भाजावी. पिठांत लेंडी सांपडल्यास मात्र तें पीठ माणसानें खाऊं नये.

तिसरा प्रश्न एका वृद्ध उपदेशकानें थोडें संकोचून विचारला. आपल्यांतील कांहीं कुटुंबें रानांतल्या घुशी व उंदीर धरून खातात. त्यांस काय सांगावें? आम्हीं म्हटलें, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. चांगलें शिजविलें कीं जंतु मरतात. धोका आहे तो बिळांत उघडा हात घालण्यांत आणि कातडें सोलण्यांत, कारण मूत्रपिंड तेव्हांच फुटतें. हाताला जखम असेल त्यानें सोलूं नये. इतरांनीं प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी, आंतडीं व मूत्रपिंडें पाण्यांत न टाकतां पुरावीं, आणि साबणानें हात धुवावे. ज्या रानांत उंदीर आपोआप मेलेले दिसतात तेथील शिकार त्या वर्षीं सोडून द्यावी. वृद्ध उपदेशक म्हणाले, "पोरं तर बिळांत पाणी ओतून हातानंच ओढून काढतात." तर पोरांस फावडें द्यावें, आणि पाणी ओतूं देऊं नये.